बाहुलीचा गुडघा कोण तपासतो?

घरातल्या मीटरशेजारी बसवलेला एमसीबी, म्हणजे भार वाढला की वीज तोडणारा खटका, दोन-तीनशे रुपयांचा असतो. तो बाजारात यायच्या आधी त्याच्या नमुन्याला ४,००० वेळा चालू-बंद व्हावं लागतं, तेही विजेचा भार घेऊन. आयएस/आयईसी ६०८९८ या मानकात तसं लिहिलेलंच आहे. नाशिकमधल्या सातपूरच्या ज्या कारखान्यांसाठी मी साचे बनवले, तिथल्या टेस्टिंगच्या खोलीतली ती खटखट रात्रपाळीलाही थांबत नसे. आता कॉलेज रोडवरच्या एखाद्या खेळण्यांच्या दुकानात जा. बावीस सांध्यांची बार्बी दीड-दोन हजारांच्या घरात मिळते. तिचा गुडघा किती वेळा वाकून टिकला पाहिजे, हे कोणत्या मानकात आहे? कोणत्याच नाही. खोक्यावर तरी? खोक्यावर सांधे किती ते आहे, किती दिवस चालतील ते नाही.

मी धंद्याने डायमेकर. स्विचगिअरचे प्लॅस्टिकचे भाग ज्या साच्यांतून निघतात ते साचे कोरण्यात आणि घासण्यात उमर गेली. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात. त्यात नातीची बाहुली मोडली, ती जोडून दिली आणि ही बातमी आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीभर झाली. तेव्हापासून संध्याकाळी दारात एखादी पोरगी उभी असतेच, एका हातात बाहुली आणि दुसऱ्या हातात बाहुलीचा हात. "आजोबा, एवढा बसवून द्या ना." या दुरुस्त्यांतून एक गोष्ट पक्की कळली. चेहरा खराब झाला म्हणून बाहुली माझ्याकडे येत नाही. ती येते कोपर, मनगट, गुडघा आणि मान यांपायी. आणि घेताना आईबाप निरखून बघतात तो चेहरा आणि झगा.

सांध्यांचा सोस तसा जुना. ९ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात रूथ हँडलर यांनी बार्बी मांडली, तेव्हा साडेअकरा इंचांच्या त्या बाहुलीला मान, दोन खांदे आणि दोन जांघा एवढेच पाच सांधे होते. १९६५ मध्ये गुडघा वाकू लागला, १९६७ मध्ये कंबर वळू लागली, १९७० मध्ये कोपर आणि मनगट आलं. मधल्या काळात, १९६४ मध्ये, हॅस्ब्रोने मुलांसाठी जी. आय. जो नावाचा सैनिक काढला. त्याला एकवीस हलते भाग होते आणि त्याला बाहुली म्हणायला कंपनी बिलकूल तयार नव्हती. योगासनं करू शकणारी बावीस सांध्यांची 'मेड टू मूव्ह' बार्बी आली २०१५ मध्ये. तिच्या पाठोपाठ तिच्या मापाच्या नकला आल्या आणि आज मेन रोडपासून ऑनलाइन दुकानांपर्यंत सगळीकडे 'फुल्ली जॉइंटेड' हाच मोठ्या अक्षरातला मजकूर दिसतो.

सांध्याला दोन उलटी कामं करावी लागतात. त्याने फिरलंही पाहिजे आणि फिरवून सोडल्यावर जागच्या जागी थांबलंही पाहिजे. थांबवतं ते घर्षण. खुंटी खोबणीत किंचित आवळून बसवलेली असते आणि हा आवळ मिलिमीटरच्या दहाव्या-विसाव्या हिश्शाचा असतो. तेवढं झिजलं की संपलं, हात लटकायला लागतो. म्हणून मी दुकानात बाहुली हातात मिळाली की पहिल्यांदा तिचे दोन्ही हात खांद्याच्या रेषेत आडवे करतो, एक पाय पुढे उचलतो आणि हलकेच झटका देतो. नव्या कोऱ्या बाहुलीचा हात तेवढ्याने खाली येत असेल तर सहा महिन्यांनी काय होणार ते सांगायला ज्योतिषी नको.

दुसरी गोष्ट डाव्या-उजव्याची. डावा आणि उजवा हात साच्याच्या वेगवेगळ्या कॅव्हिटीतून, म्हणजे पोकळीतून, निघतात. एक सैल आणि एक घट्ट लागला तर समजायचं की कुठली तरी कॅव्हिटी झिजलीय किंवा मशीनचं तापमान वरखाली झालंय, आणि माल खोक्यात भरण्याआधी कुणी गेज लावून पाहिलेलं नाही. एका जोडीत हा फरक सापडला की बाकीच्या सांध्यांची मी आशा सोडतो.

घट्ट सांधा मजबूत असतो, असं गिऱ्हाइकाला वाटतं. ते खरं नाही. सांधा फिरेना तर पोर जोर लावणारच, आणि लावलेला सगळा जोर जाऊन बसतो खुंटीच्या मानेवर, जिथे ती सगळ्यात बारीक असते. एबीएस या कडक प्लॅस्टिकला ताण सोसेनासा झाला की ते तिथे पांढरं पडतं. कोपर पूर्ण वाकवून उजेडात धरा. वाकणीपाशी पांढरी रेघ दिसली तर तडा आत सुरू झालेला आहे, फक्त वर यायचा बाकी आहे. टूलरूममध्ये पहिल्या वर्षी शिकवतात की आतला कोपरा कधी धारदार ठेवायचा नाही, त्याला गोलाई द्यायची, कारण तडा कोपऱ्यातूनच निघतो. माझ्याकडे मोडून आलेल्या खुंट्या भिंगाखाली पाहिल्या तर बहुतेक तिथेच तुटलेल्या असतात. गोलाई द्यायला साच्यात काही जास्तीचा खर्च येत नाही. लक्ष द्यावं लागतं, एवढंच.

मग येतो माल. एकाच जातीचं प्लॅस्टिक एकमेकांवर घासलं की दोन्ही लवकर झिजतात. एबीएसच्या खोबणीत नायलॉनची किंवा आम्ही ज्याला डेलरिन म्हणतो त्याची खुंटी असेल तर सांधा गुळगुळीत फिरतो आणि वर्षानुवर्षं टिकतो. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. सांधा फिरवताना करकर आवाज आला, थोड्या वेळाने खाचेतून पांढरी पूड निघाली, तर एबीएसवर एबीएस घासतंय हे नक्की. नायलॉन मेणचट दिसतं, बोटाला निसरडं लागतं आणि फिरताना बोलत नाही.

बावीस सांधे म्हणजे बावीस जागी बारीक झालेलं शरीर. अशा बाहुलीच्या कोपराची जाडी जेमतेम आठ-दहा मिलिमीटर. त्यातून पिनेचं भोक गेलं, वाकण्यासाठी खाच गेली, की दोन्ही बाजूंना कागदाला बरी म्हणावी अशी भिंत उरते. मोठ्या मुलीला, जी बाहुलीला बसवते, उभी करते, फोटो काढते, तिच्यासाठी हे ठीक. चार-पाच वर्षांची पोर बाहुलीला हाताला धरून फरफटत नेते. तिच्यासाठी पाच सांध्यांची बाहुलीच बरी, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि दुकानदाराला ते आवडत नाही हेही मला ठाऊक आहे.

गुडघ्याचा एक प्रकार मात्र मला मुळीच पटत नाही. मऊ व्हिनाइलचा अख्खा पाय, वरून एकही रेघ नाही, आणि आत दडवलेला खटक्याचा सांगाडा. वाकवला की कट्‌कट् वाजतो. दिसायला सुंदर, कारण सांधा दिसतच नाही. पण आतला खटका तुटला की बाहेरून काही करता येत नाही. पाय कापल्याशिवाय आत पोचायची सोय नाही. त्यापेक्षा गुडघ्याच्या बाजूला पिनेचं गोल डोकं दिसणारी बाहुली मी पत्करतो. दिसायला यंत्रासारखी असेल, पण पिन ठोकून काढता येते आणि नवी घालता येते.

व्हिनाइलचं आणखी एक. मूळचं पीव्हीसी कडक असतं. त्यात तेलासारखं द्रव्य मिसळून ते मऊ करतात. स्वस्त मालातून हे द्रव्य हळूहळू बाहेर येतं आणि पाय चिकट होतात, धूळ धरतात. गडद रंगाचा झगा महिनोन्‌महिने अंगावर ठेवला तर त्याचा रंग पायात उतरतो आणि धुऊन जात नाही. थंडीत हेच व्हिनाइल ताठरतं. निफाडला पारा खाली उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत आमच्याकडेही सकाळी बाहुलीचा पाय वाकवू नये, उन्हं वर आल्यावर वाकवावा. उलट एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या मागच्या काचेखाली बाहुली विसरली तर डोक्यातला गोंद पाझरून केस कायमचे चिकट होतात.

केसांवर मोठमोठी मतं ऐकायला मिळतात, मी एवढंच बघतो: भांग पाडून आत केसांच्या किती रांगा शिवल्यात. हलक्या बाहुलीत कडेनेच रांग असते आणि मधे टक्कल. नायलॉन आणि सरान हे धागे विंचरले की सरळ पडतात. पॉलिप्रॉपिलीनचे केस चार दिवसांत पिंजारतात. झगा, बूट, पर्स यांच्याबद्दल बोलण्यासारखं काही नाही, ते हरवण्यासाठीच असतात.

साच्याची सफाई मात्र बघाच. पायाच्या आतल्या बाजूने नख फिरवा. दोन अर्धे साचे जिथे मिळतात तिथली रेघ नखाला अडत असेल, किंवा तिथे पातळ फ्लॅश, म्हणजे जास्तीच्या प्लॅस्टिकचा पापुद्रा, आलेली असेल, तर साचा थकलेला आहे. कातडीच्या रंगात काळे ठिपके दिसले तर प्लॅस्टिकच्या दाण्यात दळलेला भंगार माल जास्त झालाय. पुन्हा पुन्हा वितळवलेलं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. गडद रंगात हे ठिपके लपतात, फिकट रंगात लपत नाहीत, म्हणून मी बाहुलीचा झगा वर करून पोट-पाठ बघतो. दुकानातल्या पोरी हसतात. हसू देत.

आता आयएसआयच्या शिक्क्याकडे येतो, कारण हे सगळं सांगितलं की समोरचा म्हणतो, "काका, पण आयएसआय आहे ना त्याच्यावर." आहे, आणि असायलाच हवा. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांची खेळणी या शिक्क्याशिवाय विकता येत नाहीत. त्याआधी २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने आयात खेळण्यांचे नमुने तपासले, तेव्हा दोन-तृतीयांश नापास झाले होते. त्यामुळे हा आदेश आला ते उत्तमच झालं. शिक्क्याखालचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या, म्हणजे बीआयएसच्या, बीआयएस केअर या ॲपवर टाकून खरा-खोटा करून घेता येतो. तो करून घ्यावा.

पण तो शिक्का कशाचा आहे ते समजून घ्या. आयएस ९८७३ या मानकाचे भाग वाचले तर पहिल्यात यांत्रिक सुरक्षितता आहे, दुसऱ्यात आगीपासूनची, तिसऱ्यात शिसं-कॅडमियमसारख्या घातक धातूंची, नवव्यात त्या मऊ करणाऱ्या थॅलेट द्रव्यांची. खेळणं उंचावरून पाडतात, पिळतात, ओढतात. सगळं कशासाठी? तुटून धार किंवा टोक बाहेर येतं का, तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकेल असा तुकडा सुटतो का, हे पाहण्यासाठी. तुकडा ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावतो का, अशी ती परीक्षा आहे. तिसऱ्या दिवशी गुडघा लुळा पडला, पण धार आली नाही, बारका तुकडा सुटला नाही, तर बाहुली पास! बाहुली पोराला इजा करणार नाही, एवढीच या शिक्क्याची ग्वाही आहे. ती टिकेल, असं त्याने कधी म्हटलेलंच नाही. आपण तसं धरून चालतो आणि विकणारा आपल्याला धरू देतो.

गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात शंभर रुपयांना पोकळ बाहुली मिळते. फुंकून फुगवलेली, दाबली की पोचा पडणारी. शिक्का क्वचितच असतो, आणि लहान भावंडाच्या तोंडाजवळ ती जाऊ देऊ नये, हे मी आधी सांगतो. पण तिच्यात एक गुण आहे जो महाग बाहुलीत नाही. तिचा हात निघतो आणि परत बसतो. पाच वर्षांची पोरगी तो स्वतः बसवते. तिला इंदिरानगरच्या आजोबांकडे यावं लागत नाही.

उघडता येणं, परत जोडता येणं, ही टिकाऊपणाची जुनी रीत आहे आणि ती आपल्याला नवी नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर आदिवासींच्या कळसूत्री बाहुल्या आहेत. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथल्या बाहुलीचा हात हलवतो तो दोरा, आणि दोरा कुजला तर दुसरा बांधायचा. यशवंत पाध्ये यांचा, रामदास पाध्ये यांनी पुढे घरोघरी पोचवलेला बोलका बाहुला अर्धवटराव शंभरी ओलांडून गेला. त्याच्या जबड्या-डोळ्यांची यंत्रणा दुरुस्त होणारी होती, म्हणून ती चालती ठेवता आली. युरोपातल्या जुन्या चिनीमातीच्या बाहुल्या आतून ताणलेल्या रबरी दोराने ओवलेल्या असत, आणि जपानच्या व्होक्स कंपनीने १९९९ पासून ज्या रेझिनच्या गोल सांध्यांच्या बाहुल्या काढल्या, त्यांतही तीच युक्ती आहे. दोर सैल झाला की नवा ओवा, सगळे सांधे पुन्हा घट्ट. त्या बाहुल्या महाग असतात हे खरं, पण दोर महाग नसतो. आपल्या बाजारातल्या दीड हजाराच्या बाहुलीचं धड मात्र चिकटवून बंद केलेलं असतं. ते उघडायला मला करवत घ्यावी लागते.

"खेळणंच ते, मोडायचंच," असं म्हणणारे भेटतात. त्यांनी मोडलेल्या बाहुलीच्या मालकिणीशी पाच मिनिटं बोलून पाहावं. "टिकाऊ केली तर महाग होईल," असं म्हणणारेही भेटतात, आणि त्यातले काही माझ्याच धंद्यातले आहेत. त्यांना मी विचारतो, कोपऱ्याला गोलाई देण्यात किती महाग? खुंटीसाठी वेगळा दाणा हॉपरमध्ये टाकण्यात? एका बाहुलीत खुंट्यांचं वजन ते किती, चार-पाच ग्रॅम. खर्च येतो तो गेज लावणाऱ्या माणसाचा, आणि तो खर्च आपण टाळतो.

शिवाय हा उद्योग काही उघड्यावर टाकलेला नाही. खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये वीस टक्क्यांवरून साठ टक्के झालं आणि २०२३ मध्ये सत्तर. देशी कारखान्यांना एवढं संरक्षण गिऱ्हाइकाच्या खिशातून मिळत असेल तर गिऱ्हाइकाने बदल्यात काही मागायला हरकत नसावी. केंद्राचं राइट टू रिपेअर पोर्टल २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झालं. त्यात शेतीची अवजारं आहेत, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स आहे, घरगुती टिकाऊ वस्तू आहेत, वाहनं आहेत. खेळणी नाहीत. कुणाला सुचलंच नसावं.

मागणी मोठी नाही. सक्तीही नको, सक्ती केली की छोटे कारखाने मरतात आणि मोठे शिक्के विकत घेतात. बाहुली जर सांध्यांच्या नावावर विकायची असेल, खोक्यावर 'बावीस' हा आकडा छापायचा असेल, तर त्याच्या शेजारी दुसरा आकडाही छापावा: गुडघा किती वेळा वाकवून तपासला. पाचशे असेल तर पाचशे लिहा, पाच हजार असेल तर पाच हजार. हात, मनगट आणि पाय सुटे विकत मिळावेत, आणि दुकानात एक बाहुली खोक्याबाहेर, हात लावायला ठेवावी. बीआयएस मानकांचे मसुदे लोकांच्या सूचनांसाठी खुले ठेवतं. पुढच्या वेळी खेळण्यांचा मसुदा निघाला की मी लिहिणार आहे, ज्यांच्या घरी मोडकी बाहुली आहे त्यांनीही लिहावं.

तपासणार कसं, असं कुणी विचारलं तर तेही सांगतो. एक छोटी गिअर मोटर, तिच्यावर एक क्रँक, क्रँकला बाहुलीची पोटरी अडकवायला एक शिकंजा, मांडी धरायला दुसरा, आणि फेऱ्या मोजायला एक काउंटर. अंबडमधला कुठलाही बरा फिटर हे दोन दिवसांत जोडून देईल, आणि त्याचा सगळा खर्च बाहुली बनवणाऱ्या कंपनीच्या एका महिन्याच्या खोक्यांच्या छपाईपेक्षा कमी असेल.